विणकराचा शेवटचा अंगरखा

आमच्या इचलकरंजीतून बहारीनला जाणारे लोक कामाला जातात. मी एका प्रश्नाचं उत्तर द्यायला गेले होते, आणि ते न देताच परत आले. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढे समुद्र, खजूर आणि वस्तुसंग्रहालय आलं की ही सहल होती असं वाचणाऱ्याला वाटायचं.

प्रश्न माझ्या थोरल्या भावाचा. दत्तूदादा तेवीस वर्षं बहारीनच्या मनामा शहरात शिंपीकाम करत होता. तिकडचे पुरुष घालतात तो पायघोळ पांढरा तोब शिवण्यात त्याचा हात बसलेला. यंदा पावसाळ्यानंतर त्याचं यकृत बिघडलं, पोटात पाणी झालं आणि डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली. दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला.

"शके, तू ये. तुला एक विचारायचंय."

"मग विचार की."

"फोनवर विचारायचं न्हाई ते. तू फिलॉसॉफी शिकलीस न्हवं? मेल्यावर माणसाचं काय होतं, ते समोर बसून सांग. आपल्या घरात दुसरं कोण शिकलंय? कुणाला विचारू?"

हे खरं आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील यंत्रमागावर कामाला, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, दादा आठवीतून उठून शिलाई मशीनवर बसला. मी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले, पहिल्या वर्गात, आणि एकवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. हे मी लपवत नाही. ज्यांच्या घरी आजोबांपासूनच्या डिग्र्या भिंतीवर टांगलेल्या असतात, त्यांना नम्रता परवडते.

वहिनीकडे पासपोर्ट नव्हता. माझ्याकडे होता; कॉलेजच्या एका रद्द झालेल्या सहलीसाठी काढलेला, कोराच पडला होता. त्यामुळे जायचं ठरलं ते माझंच. निघताना वहिनीने स्टीलचा डबा हातात दिला. "अनारसे हैत. ह्या दिवाळीला त्यांनी तोंडात घातलं न्हाईत. दोन तरी खाऊ घाला." डबा फडक्यात बांधून वर गाठ मारलेली.

मुंबई विमानतळ

या प्रवासातली पहिली चूक इथेच झाली. रांगेत माझ्यापुढे चिपळूणच्या एक बाई होत्या, नवऱ्याकडे निघालेल्या. डब्याचा वास आला तसं म्हणाल्या, "अनारसे का हो? खसखस लावलीय?"

"खसखशीशिवाय अनारसा होतो का?"

"अहो, मग टाका तो डबा! गल्फमध्ये खसखस मफी, म्हणजे चालतच नाही. अफूच्या झाडाची असते ना ती. पकडलं तर आत घालतात."

मी पुराव्याशिवाय ऐकून घेणारी बाई नाही. काउंटरवरच्या मुलाला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, रिस्क मत लो." हा काही पुरावा नव्हे, पण त्या वेळी मला तेवढा पुरला. बाकावर बसून एकेका अनारशाची खसखस नखाने खरवडायला लागले. तळलेली खसखस सुटत नाही. शेवटी सगळे अनारसे कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि रिकामा स्टीलचा डबा बॅगेत घातला. वहिनीने गूळ-तांदळाचं पीठ दिवसेंदिवस मुरवलं होतं, ते मी उभ्या उभ्या टाकलं.

हूरा

बहारीन हे बेट आहे, आणि वरून बघितलं तर समुद्र कुठे संपला आणि वाळू कुठे सुरू झाली ते कळत नाही. दोन्हींचा रंग धुऊन विटलेल्या कापडासारखा. विमानतळावर घाडी आले होते. गणपत घाडी मालवणकडचे, एका कंपनीत ड्रायव्हर आणि दादाचे अकरा वर्षांचे रूम पार्टनर. साठीला आलेले, मिशा काळ्या केलेल्या.

"येवा ताईनू. बॅग माझ्याकडे देवा. दादान तुमचो फोटो दाखवलेलो, म्हणून वळाकलंय. फोटोत चष्मो नव्हतो."

त्यांनी आधी मनामाच्या हूरा भागातल्या त्यांच्या खोलीवर नेलं, दादाचे कपडे घ्यायला. खाली हॉटेलांच्या पाट्या, एक सलून, मोबाइलचं दुकान; रस्त्यावर हिंदी, मल्याळम, बंगाली ऐकू येत होतं, अरबी सगळ्यांत कमी. खोलीत दोन लोखंडी पलंग. दादाच्या पलंगाखाली ट्रंक आणि भिंतीवर खिळ्याला मोजपट्टी. पलंगावरची चादर आमच्याच गावची, मी काठावरून ओळखली. तेवीस वर्षं या माणसाने आपल्याच गावचं कापड अंगाखाली घेतलं होतं आणि आम्हाला ते माहीत नव्हतं.

कोपऱ्यावरच्या भट्टीत तंदुरातून काढलेली खबूस नावाची रोटी मिळते. ताटाएवढी मोठी, वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. घाडींनी एक घेतली, कडक चहाबरोबर अर्धी मला दिली. आपल्याकडे भाकरी घरात होते आणि बाईच्या हातची असते. इथे भाकरी रस्त्यावर, पुरुषांच्या हातची, आणि रांगेत उभे राहणारेही पुरुषच. चव चांगली होती. मला एवढी भूक लागली होती की घाडींचा अर्धा भागही मी खाल्ला.

मी राहिले उम्म अल हस्सम भागात, रेवतीकडे. रेवती माझी जुनी विद्यार्थिनी; नवरा अकाउंटंट. तिची आठ वर्षांची अन्वी मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. मी कशाला आले हे तिने पहिल्याच जेवणात विचारलं आणि रेवती गडबडीने म्हणाली, "आजी फिरायला आल्यात." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "माझा भाऊ आजारी आहे. बरा होणार नाही." रेवतीने माझ्या ताटात न मागता आमटी वाढली.

सलमानिया

दादाला ठेवलं होतं ते मोठं सरकारी रुग्णालय सलमानियाला. भेटायची वेळ संध्याकाळची, ठरलेली. सिस्टर केरळची, हिंदीत बोलायची, आणि वेळ संपली की दारात उभी राहून म्हणायची, "टाइम ओव्हर, मॅडम."

दादा पिवळा झाला होता. हात काडीसारखे, पोट तेवढं मोठं. पण नजर तशीच, समोरच्याच्या खांद्याचं माप घेणारी.

"ब्लाउज कुणी शिवलाय गं? बाही चढलीय तुझी."

"आल्या आल्या तेच?"

"मरायला टेकलो म्हणून चुकीची बाही बघवंल व्हय मला?" मग म्हणाला, "अनारसं?"

मी खरं काय ते सांगितलं. विमानतळ, खसखस, कचऱ्याचा डबा. तो इतका हसला की त्याला खोकला आला आणि सिस्टरने येऊन पाठ चोळली.

"अगं, वाटंत संपलं म्हणायचं होतंस. न्हाईतर विमानवाल्यांनी खाल्लं म्हणायचं. मास्तरीण झालीस पण साधं खोटं बोलता येत न्हाई."

"नाही येत. आणि येऊही नये."

"बरं. मग आता खरं बोल. काय होतं मेल्यावर?"

मी तयारी करून गेले होते. आपल्याकडचं सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. आत्मा अमर आहे हे दादाने प्रत्येक मयताला ऐकलं होतं, आणि तेवढ्याने भागलं असतं तर त्याने मला बोलावलंच नसतं. त्याला कोणीतरी सिद्ध करून दाखवायला हवं होतं. म्हणून मी त्याला अथेन्सच्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायला घेतली, ज्याला कोर्टाने विषाचा पेला दिला. नाव तुम्हाला ठाऊक आहे. मरायच्या दिवशी तुरुंगात मित्र भोवती बसलेले आणि हा त्यांच्याशी दिवसभर एकच वाद घालतो, की शरीर गेल्यावर आत्मा राहतो की नाही.

"बायको न्हवती त्याची?"

"होती. रडायला लागली म्हणून त्याने तिला घरी पाठवलं."

"मग तू तिथं असतीस तर तुलाबी घालवलं असतं. बरं झालं मी पाठवत न्हाई. पुढं?"

पहिल्या संध्याकाळी मी त्याला पहिला युक्तिवाद सांगितला. प्रत्येक गोष्ट आपल्या विरुद्ध गोष्टीतून येते. झोपेतून जाग, जागेतून झोप. लहानाचं मोठं, मोठ्याचं लहान. मग जिवंतातून मेलेलं येतं तसं मेलेल्यातून जिवंत आलंच पाहिजे. म्हणजे मेलेले कुठेतरी असलेच पाहिजेत.

दादाने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "पॅन्टची चड्डी हुती. मी रोज करतो. चड्डीची पॅन्ट करून दाखव म्हणावं त्याला."

माझ्या एम.ए.च्या वर्गात हा आक्षेप कोणी इतका स्वच्छ मांडला नव्हता. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी धसकाही बसला. हा माणूस पटल्यासारखं करणार नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी पुढचं सांगितलं. आपण जे शिकतो ते आत्म्याला जन्माआधीच ठाऊक असतं, शिकणं म्हणजे आठवणं. यावर तो म्हणाला, "मग माझ्या आत्म्याला आठवी नापास कशापायी केलं?" पण त्या दिवशी एक गोष्ट त्याला आवडली. शेवटी मित्र त्या म्हाताऱ्याला विचारतो, तुला पुरायचं कसं? आणि तो म्हणतो, कसंही पुरा, मी तुमच्या हाताला लागलो तर.

"म्हंजे तो सुटला!" दादा म्हणाला. "आणि कागदं मागच्यांनी करायची. इथं मेलं की किती कागदं लागतात माहितीय? घाडीला विचार. पासपोर्ट, कार्ड, कंपनीचं एनओसी. आत्मा यल्ला, चला म्हणून निघून जातो आणि घाडी हाफिसाच्या खिडकीला उभा." मग म्हणाला, "शके, मला पेटीतनं नेऊ नका. इथंच करा. हिंदूंचं स्मशान हाय इथं. तुझ्या वहिनीला पेटी उघडताना बघायला लावू नको."

मी हो म्हटलं. बाकी कशाला मला इतक्या लवकर हो म्हणता आलं नाही.

थडगी

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून घाडी सकाळी मला बाहेर घेऊन गेले. "सारख्या हॉस्पिटलात बसान तुमीच आजारी पडशात. चला, तुमका डोंगर दाखवतंय."

ते डोंगर नव्हते. आअली नावाच्या गावाजवळ मातीचे गोल उंचवटे आहेत, घराएवढे, काही त्याहून मोठे, आणि ते सगळे थडगी आहेत. चार हजार वर्षांपूर्वीची. गाव त्यांच्यामधूनच वाढलंय. एका थडग्याच्या पायथ्याशी कुंभार मडकी वाळत घालत होता, दुसऱ्याला लागून कुणाच्या घराची भिंत, वर एसीचं यंत्र. झाड नाही, सावली नाही. वारा होता आणि त्यात धूळ. पोटाशी पाय घेतलेली माणसं आत ठेवत आणि उशाशी भांडी. फार जुन्या काळी दूरदूरचे लोक या बेटाबद्दल म्हणत की तिथे आजारपण नाही, म्हातारपण नाही. आणि बघावं तिकडे थडगी. मी किती ते मोजायला लागले आणि सोडून दिलं.

"कितके मेले बघा ताईनू," घाडी म्हणाले. "आणि भांडी ठेवली म्हणजे त्येंका पण वाटत होता, पुढे जेवूक लागतला."

"वाटणं वेगळं. सिद्ध होणं वेगळं."

"व्हय तर," घाडी म्हणाले.  मला तेव्हा वाटलं, त्यांना पटलं.

तिथून मनामाच्या वस्तुसंग्रहालयात गेलो. या बेटावर ग्रीकांचाही वावर होता. ते याला टायलोस म्हणत. हे मी नोकरी लागल्यापासून तर्कशास्त्राबरोबर ग्रीक तत्त्वज्ञान शिकवत असूनही मला माहीत नव्हतं, आणि हे कबूल करायला मला जड जातं. त्या काळातले थडग्यांवरचे दगड काचेमागे मांडलेत. प्रत्येकावर एक माणूस कोरलेला, उभा, मोठाले डोळे, आणि उजवा हात वर करून पंजा आपल्याकडे. बाया, पुरुष, एक लहान मुलगा. सगळे हात वर करून. मला आधी वर्गच आठवला. हजेरी घेताना पोरं करतात तसा हात. मी एका दगडासमोर खूप वेळ उभी राहिले. हजेरी घेणारं कुणी नाही आणि हे दोन हजार वर्षं हात वर करून उभे आहेत. बाहेर आले तेव्हा ऊन समुद्रावर इतकं पांढरं होतं की डोळे दुखले.

पुन्हा सलमानिया

त्या संध्याकाळी दादाचा चेहरा उतरलेला होता. बोलताना मध्येच थांबायचा. पण मला बघून म्हणाला, "आज फैसला कर. आत्मा राहतो का न्हाई?"

मी सांगायला घेतलं. म्हाताऱ्याने सिद्ध केलं, आत्मा शरीरापेक्षा टिकाऊ आहे. सगळ्यांना पटलं. मग त्याचा एक मित्र उभा राहिला आणि विणकराची गोष्ट बोलला.

"विणकर?" दादाने डोळे पूर्ण उघडले.

"विणकर. समज, एक म्हातारा विणकर मेला. त्याने स्वतः विणलेला अंगरखा घरात खुंटीवर आहे, धड. कोणी म्हणेल, माणूस कपड्यापेक्षा जास्त टिकतो. मग कपडा आहे म्हणजे विणकरही कुठेतरी असलाच पाहिजे. पण हे खोटं आहे. त्या विणकराने आयुष्यात कितीतरी अंगरखे विणले, घातले, फाडले. त्या सगळ्यांना तो पुरून उरला. पण शेवटच्याला नाही. शेवटचा अंगरखा त्याच्या मागे राहिला. तसा आत्मा कितीही शरीरं वापरून फाडो. कुठलं तरी एक शरीर शेवटचं असेल, आणि त्याच्या आत तो संपेल."

 दादाने चादरीवरून स्वतःचा हात उचलला आणि उलटा-पालटा करून बघितला, गिऱ्हाइकाने आणलेलं कापड बघतात तसा.

"बरोबर बोलला तो," मग म्हणाला. "बाबांचं धोतर न्हवतं का, त्यांच्याच मागावरचं? आईनं सात वर्षं ठेवलं." थोड्या वेळाने, "मग म्हाताऱ्यानं काय उत्तर दिलं?"

मी माझी पर्स उचलली. "वेळ झाली दादा. ते उद्या."

शिकवताना माझी ही जुनी रीत आहे. तास संपताना आक्षेप टांगून ठेवायचा, उत्तर दुसऱ्या दिवशी. पोरं घरी जाऊन विचार करतात. माझ्या या रीतीचं प्राचार्यांनी कौतुक केलेलं आहे.

दादा म्हणाला, "थांब की." मी म्हटलं, "उद्या, दादा." दारातून वळून बघितलं तर तो हाताकडेच बघत होता.

खाली घाडी गाडीपाशी होते. मी म्हटलं, वेळ संपली, गोष्ट अर्धी राहिली. ते म्हणाले, "तुमी बसा, मी जरा तोंड दाखवन येतंय," आणि वर गेले. पाच-सात मिनिटांनी आले आणि गाडी सुरू केली.

सकाळी रेवतीकडे नाश्त्याला बलालीत होतं. गोड शेवया, त्यावर अंड्याची पोळी. शेजारणीने पाठवलेलं. गोडावर अंडं कसं खायचं हे अन्वी मला इंग्रजीत समजावून देत होती, तेव्हा फोन वाजला. दादा पहाटे बेशुद्ध झाला होता आणि थोड्या वेळापूर्वी गेला.

आम्ही पोचलो तेव्हा त्याला स्वच्छ करून, पांढरी चादर घालून ठेवलं होतं. चादरीची एक कड उसवलेली होती. मी ती बोटाने आत दुमडली.

स्मशान

कागदांचं दादाने सांगितलं होतं तसंच झालं. दोन दिवस घाडी खिडक्यांपुढे उभे होते आणि मी इंग्रजीत सह्या करत होते. कुणी आमच्याशी वाईट वागलं नाही. एका खिडकीतल्या मुलीने फॉर्म भरता भरता स्वतःची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

फोनवर वहिनीला सांगितलं की इथेच करतोय, त्याने तसं सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरं." मग फोन कुणीतरी दुसऱ्याने घेतला.

आमच्या गल्लीत बायका स्मशानात जात नाहीत. तिथे मला अडवायला कोणी नव्हतं आणि दादाला मुलगाही नव्हता, म्हणून अग्नी मी दिला. आलेली माणसं पंधरा-वीस. दुकानातले शिंपी, खोलीच्या इमारतीतले काही, रेवतीचा नवरा. मंत्र म्हणणारा गुजराती होता आणि भराभर म्हणत होता.

फाटकाबाहेर एक वयस्क बहारीनी गृहस्थ उभे होते, काठी टेकून. घाडी म्हणाले, दादाचं जुनं गिऱ्हाईक. वीस वर्षं दुसऱ्या कुणाकडे तोब शिवला नाही. ते आत आले नाहीत, परतही गेले नाहीत. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवला आणि हिंदीत म्हणाले, "बहोत अच्छा आदमी. बहोत सीधा सिलाई." त्यांच्या अंगावरचा तोब दादाच्या हातचा होता, हे विचारायची गरज नव्हती. बाही मनगटावर बरोबर हाडापाशी थांबली होती. वाऱ्याने तो तोब हलत होता, पांढरा, कडक इस्त्रीचा, कुठे म्हणून ताण नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. शिवणारा गेला होता आणि अंगरखा धड मागे राहिला होता, आणि मला तिथे जे कळलं ते कळायला नको होतं.

परतीची वाट

विमानतळ दुसऱ्या बेटावर आहे, मध्ये समुद्रावरून पूल जातो. अस्थींचा कलश माझ्या मांडीवर होता. पुलावर घाडींनी गाडीचा वेग कमी केला.

"ताईनू, एक सांगूचा हा. रागावशात."

"सांगा."

"त्या सांजचा मी वर गेलंय ना? दादा जागोच होतो. माका म्हणालो, 'घाडी, शकी गोष्ट अर्धी ठेवून गेली रं. पुढं काय झालं असंल?' दोनदा, तीनदा तेच विचारी होतो. ताईनू, तो घाबरललो. अकरा वर्सां एका खोलयेत काढलंव, माका कळता. म्हणान मी म्हटलंय, माका म्हायत हा पुढचा. ताईन गाडयेत सांगल्यान."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची नजर रस्त्यावर होती.

"काय सांगितलंत?"

"म्हटलंय, शेवटाक म्हाताऱ्यान सगळ्यांची तोंडा बंद केल्यान. आत्मो मरणा नाय, असा सिद्ध झाला."

"सिद्ध? हा शब्द तुम्ही वापरलात?"

"तुमचोच शब्द. तुमी सारख्या म्हणतास."

"मग? तो काय म्हणाला?"

"म्हणालो, 'शकी म्हणाली व्हय? मग खरं असंल. तिला खोटं बोलता येत न्हाई.' आणि भिंतीकडे त्वांड करून निजलो." घाडींनी डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "खलास. माफ करा. मी ड्रायव्हर माणूस. माका दुसरा काय सुचूक नाय."

मी माफ केलं असं म्हटलं नाही. माफ करायचा हक्क मला नव्हता. आता लिहायला बसलेच आहे तर तेही लिहिते.

त्या संध्याकाळी वेळ संपली नव्हती. सिस्टर दारात आली नव्हती. दादाच्या डोक्यावरच्या घड्याळात आठ मिनिटं बाकी होती. मी बघितलं होतं. घाडी वर जाऊ शकले ते त्याच आठ मिनिटांत. आक्षेप टांगून ठेवायची माझी रीत वर्गातली आहे, तिथे उद्या असतो. पण ते कारणसुद्धा खरं नाही. मी उठले, कारण म्हाताऱ्याने विणकराच्या गोष्टीला दिलेलं उत्तर मला पटत नाही. कधीच पटलेलं नाही. तो म्हणतो, विस्तव जिथे जातो तिथे ऊब घेऊन जातो आणि थंडीला जवळ करत नाही. तसा आत्मा जिथे जातो तिथे जीव घेऊन जातो, म्हणून मरणाला जवळ करत नाही. जे सिद्ध करायचं तेच यात आधी धरून चाललंय. अकरावीच्या पोराने असं लिहिलं तर मी गुण कापते. दादाने ते ऐकलं असतं तर विचारलं असतं, "विस्तव विझत न्हाई व्हय?" माझा भाऊ मरणाच्या दारात बसून मला एकच गोष्ट विचारत होता, आणि घरात पहिली शिकलेली मी, उत्तर येत नाही म्हणून वेळेआधी वर्गातून उठले.

घरी पोचले तेव्हा वहिनी उंबऱ्यात बसलेली होती. कलश तिने दोन्ही हातांनी घेतला, देवळीत ठेवला, पदराने तिथली धूळ पुसली. माणसं येऊन गेली. मी बॅग उघडली, दादाची मोजपट्टी आणि दोन सदरे काढले, आणि खाली स्टीलचा डबा लागला. वहिनीने तो माझ्या हातातून घेतला आणि झाकण उघडून बघितलं. आत काही नव्हतं, कडेला चिकटलेले खसखशीचे चार दाणे सोडून.

"खाल्लं का ओ त्यांनी?"

"हो," मी म्हटलं. "दोन खाल्ले. तिसरा मागत होता, सिस्टरने दिला नाही."

"खसखस करपली न्हवती न्हवं? मला वाटत होतं, जरा जास्त तळलं."

"नाही. तो म्हणाला, अगदी बरोबर झालेत."

तिने झाकण लावलं आणि डबा घासायला न टाकता तसाच फडताळात ठेवून दिला.